मांडवातली बहीण

बेल वाजली तेव्हा शर्वी नुकती झोपली होती. तिच्या ओठांची पकड अजून पुरती सुटली नव्हती. मिनलने करंगळीने ती हलकेच सोडवली, गाऊनची बटणं लावली आणि बेल पुन्हा वाजू नये एवढ्याच घाईने दार उघडलं. दारात हवालदार उभा होता. लिफ्ट बंद असल्यामुळे धापा टाकत होता. त्याने आधी पाणी मागितलं आणि ते उभ्यानेच, गळ्याची घाटी हलवत, सगळं प्यायला. मोशीच्या या इमारतीत पोलीस येतात ते पार्किंगच्या भांडणासाठी, त्यामुळे मिनलला भीती वाटली नाही. तिचं लक्ष मागे, आतल्या खोलीकडे होतं. चौथ्या मजल्यावरच्या नीलाताईंच्या पासपोर्टच्या चौकशीला आलोय, घराला कुलूप आहे, ओळखीत तुमचं नाव दिलंय, असं तो म्हणाला. नाव दिलं होतं हे खरं. नीलाने विचारलं होतं आणि ती पोहे परतता परतता हो म्हणाली होती. शेजारी राहता ना, हो. वागणूक बरी आहे ना, हो. किती वर्षांची ओळख, तर सात-आठ. तुमच्या वडिलांचं नाव काय, तेही सांगितलं. तिची उत्तरं सरळ जात होती, झोपलेल्या मुलाला थोपटावं तशी. मग हवालदाराने कागद डोळ्यांपासून जरा लांब धरला. "आन् बहीण बी लागता व्हय तुमी? दोघींच्या वडलांचं नाव येकच हाय की." तो तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागला. संशयाने नाही, नुसतंच, लग्नातल्या फोटोत कोण कोणाचं ते ओळखावं तसं. "सख्खी?"

आत शर्वी रडत नव्हती. तरी बाळ उठलं वाटतं, असं मिनल म्हणाली. त्याने मान हलवली, त्यालाही लेकरं असावीत. परवा चौकीत या, आधार कार्ड आणा, चार ओळी लिहून द्या, रिपोर्ट वर पाठवायचाय. नाव बाळाजी सांगितलं, म्हणजे आल्यावर शोधायला सोपं. तो जिना उतरून गेल्यावरही ती दाराला टेकून उभी राहिली. सख्खी. हा शब्द आयुष्यात तिने कितीदा वापरला असेल. ती एकटीच मुलगी, त्यामुळे तसा फारसा नाहीच. सख्खं काही तिला नव्हतं. शाळेत मैत्रिणी विचारायच्या, तेव्हा ती चुलत बहिणींची नावं सांगायची आणि सख्खी कोण नाही म्हटल्यावर एक क्षण सगळ्या गप्प व्हायच्या, जणू तिच्या डब्यात काही निघालंच नाही. तो क्षण तिला आता दाराच्या लाकडाच्या गारव्यासारखा पाठीला जाणवला. हो म्हणायला किती वेळ लागला असता. हवालदाराने पाणी प्यायला लावला त्याहूनही कमी.

नीलाचं नाव तेव्हा नीला नव्हतं. मनमाया होतं. काळेवाडीत बाबांनी घरामागे दोन खोल्या बांधून भाड्याने दिल्या होत्या, त्यातल्या एकीत ती भावासोबत आली. भाऊ एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता आणि ती चाकणला वायरिंगच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागली होती. नेपाळची माणसं, गरीब, स्वच्छ, असं आईने शेजारणीला सांगितलेलं मिनलने ऐकलं होतं. थंडीच्या दिवसांत पहाटे नळाचं गार पाणी डोक्यावर घेऊन ती केस धुवायची आणि दात वाजत असताना गुणगुणायची. कॉलेजला जायच्या तयारीत असलेली मिनल खिडकीतून ते पाहायची. या मुलीला थंडी वाजते आणि तिला ती आवडते, हे दोन्ही एकाच वेळी कसं, असं वाटायचं. पुढे भाऊ आखातात गेला. मनमाया राहिली. आईने तिची मनू केली. मनू आईला पापड लाटू लागायची, बाबांचा चष्मा शोधून द्यायची. बाबा तेव्हा चिंचवडच्या प्रेसशॉपमधून निवृत्त होऊन दिवसभर घरात असत आणि त्यांना सतत काहीतरी सापडत नसे. मिनल मात्र दिवसभर बाहेर. एकदा घरी आली तर बाबा आणि मनू पत्ते खेळत बसलेले. बाबा तिच्याशी कधी पत्ते खेळले नव्हते. तिनेही कधी म्हटलं नव्हतं, हे तिला मान्य होतं.

मनूचं सुजितशी जमलं ते कारखान्यातच. सुजित चाकणजवळच्या गावातला; वावर थोडं आणि नोकऱ्या जास्त अशा घरातला. त्याची आई गवराबाई मुलगी पाहायला आली, मनूच्या हाताच्या भाकरी खाल्ल्या आणि तिने मुलीला नव्हे, परिस्थितीला नावं ठेवली. पोरगी गुणाची हाय, पण मांडवात तिच्या बाजूनं कुनी उभंच न्हाई, असं लगीन आमी करत न्हाई, असं तिचं म्हणणं पडलं. ते करोनाचं वर्ष. नेपाळची सीमा बंद. मनूचा बाप डोंगरात, त्याला निघताच येत नव्हतं. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं, कन्यादान मी करतो. इतक्या सहज, की आईनेही वळून पाहिलं. मोजक्या माणसांत, तोंडाला मास्क लावून लग्न लागलं. गुरुजींनी वधूचं गोत्र विचारलं. मनूने आपल्या भाषेत काहीतरी सांगितलं, ते गुरुजींना कळेना. बाबा म्हणाले, माझंच घ्या की. मग मनूच्या ओंजळीखाली त्यांची ओंजळ, वरून आई पाण्याची धार सोडतेय, आणि बाबांचा मास्क डोळ्यांतल्या पाण्याने भिजत चाललेला. पुढे ताटात तांदूळ पसरून सुजितने अंगठीने नवं नाव लिहिलं, नीला. मनमाया हे नाव त्या तांदळाखाली गेलं आणि त्याचं कोणालाच काही वाटलं नाही. मुलींची नावं जातातच. दोन वर्षांनी मिनलचं लग्न झालं, मोठ्या हॉलमध्ये, सगळे पाहुणे. तिच्या वेळी बाबा रडले नाहीत. कोणीतरी त्यावरून छेडलं तर म्हणाले, पहिलीच्या वेळेला सगळं संपलं बघा, दुसरीला शिल्लकच नाही. सगळे हसले. मिनलही हसली. तिच्या मुंडावळ्या हलल्या असणार, कारण फोटोत त्या तिरक्या आल्या आहेत.

आणि मग ती चूक, जिला चूक म्हणावं असं तेव्हा कोणाला सुचलंही नाही. लग्नाची नोंद करताना गवराबाईच्या भाच्याने, रविराजने, सगळी लिखापढी केली. मुलीच्या वडिलांचं नाव काय लिहू, असं त्याने विचारलं. गवराबाई म्हणाली, "ज्यानं हातावर पानी सोडलं त्याचंच की रं. दुसरा बाप कुठून आनू?" मिनल तिथे होती. अंगणात खाटेवर सगळे बसले होते, बाजूला कांद्याची रास वाळत होती, आणि बाबांनी खिशातून आपलं आधार कार्ड काढून दिलं, छाती थोडी पुढे काढून. त्यात लबाडी नव्हती. त्या घरात, त्या अंगणात, ते खरंच होतं. त्या एका नावावरून पुढची सगळी कार्डं निघाली, मतदानाचंसुद्धा. नीला एकदा मत देऊन आली तेव्हा शाई लागलेलं बोट आईला दाखवायला काळेवाडीला गेली होती. नेपाळच्या माणसाला इथे राहायला कोणाची आडकाठी नाही. सरळ नेपाळची म्हणून राहिली असती तरी चाललं असतं. पण ती नेपाळची आहे हेच कागदावर कुठे उरलं नाही. आता सुजितला कंपनी दोन वर्षं जर्मनीला पाठवत होती, बायको-मुलासकट. म्हणून पासपोर्ट.

दुपारी नीला मुलाला बालवाडीतून घेऊन आली आणि नेहमीसारखी वर चौथ्या मजल्यावर जायच्या आधी दुसऱ्यावर, मिनलकडे टेकली. शर्वीला मांडीवर घेऊन तिच्या तळव्यांवर फुंकर घालत बसली. शर्वी हसते ती सगळ्यात जास्त नीलाजवळ, खळखळून, पोटातून. मिनलने हवालदार आल्याचं सांगितलं, त्याने काय विचारलं तेही सांगितलं. नीलाची फुंकर थांबली. तिचं मराठी आता मिनलच्या मराठीहून पक्कं आहे, सासूच्या बोलण्याची छाप असलेलं. ओठांना तेवढं कधीकधी एखाद्या अक्षराशी अडखळायला होतं.

"मग काय सांगितलंस?"

"बाळ उठलं म्हटलं."

"उठलं होतं?"

नीला हसली, पण डोळ्यांनी नाही. म्हणाली, सांग की सख्खी, त्यात काय, मी आईला आईच म्हणते, बाबांना बाबा. खोटं कुठे आहे त्यात. मिनलने विचारलं, आणि तुझे बा? नीला आपल्या वडिलांना बा म्हणते. कधीतरी मोबाईलवर तो दिसतो, दात नसलेला, कानाला मफलर, पडद्याच्या फार जवळ येऊन मोठ्याने बोलणारा, मागे धुकं किंवा धूर. नेपाळातल्या गुल्मीकडचा कुठला तरी डोंगर. नीलाने शर्वीचा पाय हळूच खाली ठेवला. बाला काय कळणार आहे, म्हणाली. त्याच्याकडे माझा फोटो आहे, कागद एकपण नाही. सोळा पुरी व्हायच्या आधीच निघाले मी, तेव्हा नागरिकता काढायचं वयच झालं नव्हतं. तिथली पण नाही मी कागदावर, इथलीच आहे ती काय ती. मग ती उठली, मुलाची बाटली घेतली, आणि दारात वळून म्हणाली, "सुजित तिकडं एकटा गेला तर दोन वर्षांनी तसाच परत येईल का गं?" हे ती मिनलला विचारत नव्हती. पण उत्तर मिनलकडे असल्यासारखी थोडा वेळ थांबली.

मिनलचा नवरा सार्थक शिफ्टवरून आला, जेवताना ऐकून घेतलं आणि कंपनीतल्या कोणा वकील मित्राला फोन लावला. मित्राचं सांगणं स्वच्छ होतं. पासपोर्टसाठी खोटं लिहून देणं हा गुन्हा. उघडकीला येईल किंवा नाहीही येणार, पण आलं तर शेकेल नीलावर, तिच्या नवऱ्यावर आणि कार्ड देणाऱ्या बाबांवरही. खरं सांगून रीतसर नागरिकत्व मागता आलं असतं, पण त्यालाही आधी नेपाळचा कागद लागतो, तो तिच्याकडे नाही. सार्थक ताटात हात धुतल्यासारखं म्हणाला, तू यात पडू नकोस, शेजारीण म्हणून ओळखते एवढंच लिही. पण तेवढंच लिहायला तिला बोलावलेलंच नव्हतं. मग बाबांचा फोन आला. नीलाने त्यांना सांगितलं होतं. बाबांचा आवाज चढला नाही. ते म्हणाले, "मी देवाब्राह्मणासमोर पाणी सोडलंय, मिनू. पोलिसाला विचारून नव्हतं सोडलं." तिने म्हटलं, बाबा, तुम्हाला चौकीत बसवतील. बसवू देत, म्हणाले. दोन मुली आहेत म्हणून सांगेन. ते दोन म्हणताना त्यांच्या आवाजात एक भरलेपण होतं, पोट भरल्यावर पाटावर मागे रेलावं तसं. मिनलने मोबाईल कानाला तसाच धरून ठेवला. शर्वी तिच्या कुडत्याची दोरी चोखत होती. तिला वाटलं, आपण एक आहोत हे बाबांना कधी पुरलंच नसावं. मग वाटलं, असं वाटणं हलकं आहे, आणि हे वाटत असताना आपण काही ठरवता कामा नये. पण परवाचा दिवस काही त्यासाठी थांबणार नव्हता.

मधल्या दिवशी ती मनातल्या मनात नीलाला बहीण करून पाहत राहिली. शर्वीला तेल लावताना, तिच्या मांडीच्या वळ्यांत बोटं फिरवताना, तिने आठवणीत जागा करून दिली. काळेवाडीची शाळा, एका बाकावर दोघी. आईने दोघींच्या वेण्या घातल्या, एकीच्या घट्ट, एकीच्या सैल. गणपतीत एकाच कापडाचे दोन फ्रॉक. हे जमत होतं. नीलाचा चेहरा त्या फ्रॉकवर बसतही होता. अडचण वेगळीच होती. त्या सगळ्या चित्रांत ती स्वतः पुसट होत होती, कोपऱ्यात सरकत होती, आणि बाबा नेहमी दुसरीकडे पाहत होते. आणि मफलर बांधलेल्या त्या माणसाला तर कुठेच जागा नव्हती. त्याची मुलगी सोळा वर्षं त्याच्या घरात वाढली, तिच्या केसांना त्याने किंवा कोणीतरी तेल लावलं असणार. ती सगळी वर्षं एका ओळीत रद्द होत होती. शर्वी तेलकट अंगाने पालथी झाली, डोकं वर करून पाहू लागली. उद्या कोणी तुझ्या बापाच्या जागी दुसरं नाव लिहिलं तर, असं मिनलने तिला विचारलं, आणि शर्वीने उत्तरादाखल जमिनीवर लाळ गाळली.

चौकीत पंख्याचा आवाज मोठा होता. शर्वीला कडेवर घेऊन ती बाकावर बसली. बाळाजीने तिला ओळखलं, कोरा कागद आणि पेन पुढे केलं, आणि हळू आवाजात, जवळजवळ मायेने म्हणाला, ताई, सख्खी म्हनून लिवा आन् मोकळ्या व्हा, मला बी अजून धा घरं फिरायचीत. म्हणजे त्याला कळलं होतं. किंवा त्याला काही कळून घ्यायचं नव्हतं. इतकी सोपी वाट समोर आलेली पाहून तिला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या तोंडात आधीच एक वाक्य तयार होतं, आणि ते तिने कधी तयार केलं हे तिला आठवेना.

"माझ्या वडिलांनी तिचं कन्यादान केलंय," ती म्हणाली. "पण ती माझी सख्खी बहीण नाही."

पेन त्याच्या हातातच राहिलं. मग पोरगी कुनाची, असं त्याने विचारलं. तिने नीलाच्या बाचं, धनबहादुर हे नाव सांगितलं आणि गुल्मीही सांगितलं; नाव तिने मोबाईलच्या पडद्यावर वाचलं होतं. शर्वी तिचे केस ओढत होती. लिहिताना तिचं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं. बाहेर आली तर रस्त्यावर कंपन्यांच्या बसेसची रांग लागलेली, शिफ्ट सुटलेली, आणि कुठल्याशा ट्रकमधून सांडलेल्या कांद्यांवरून चाकं जाऊन सगळीकडे उग्र, गोडसर वास पसरला होता. तिने रिक्षा केली नाही. चालत राहिली. आपण खरं बोललो, याबद्दल तिला शंका नव्हती. शंका होती ती ते इतकं सोपं कसं गेलं याची. खरं बोलायला जड जावं, अशी तिची समजूत होती. त्या वाक्यातला कोणता भाग कायद्याला भिऊन होता, कोणता त्या डोंगरातल्या माणसासाठी, आणि कोणता त्या तिरक्या मुंडावळ्यांच्या मुलीचा, हे तिला वेगळं करता येईना. शर्वीच्या वजनाने खांदा दुखत होता. तिने बाजू बदलली.

पुढचं सगळं तिच्याशिवाय झालं. पासपोर्ट नाकारला गेला. नीलाला बोलावून जबाब घेतला, तिने सगळं कबूल केलं, समज देऊन सोडलं आणि जुनी कार्डं जमा करायला सांगितलं. बाबांना चौकीत एक दुपारभर बाकावर बसवून ठेवलं. ते घरी आले आणि मिनलशी बोलायचे थांबले. भांडण नाही, फक्त फोन उचलला की आईकडे द्यायचे. सुजित एकटा गेला. विमानतळावर जायच्या दिवशी चौथ्या मजल्यावरून बॅगा उतरत असताना मिनलने दाराच्या भिंगातून पाहिलं. नीला एका हाताने मुलाला आणि दुसऱ्या हाताने बॅगेला धरून हळूहळू उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर आल्यावर तिने दाराकडे पाहिलं नाही, पण न पाहण्यासाठी तिने मान जराशी वळवली होती. शर्वीने आतून पावलं ओळखली असावीत. ती दाराकडे रांगत आली आणि हात आपटू लागली. मिनलने तिला उचलून घेतलं, तिच्या तोंडावर हात मात्र ठेवला नाही.

आता नीलाला गुल्मीला जायचं होतं. तिच्या बाने जिल्ह्याच्या कचेरीत उभं राहून ही माझी मुलगी म्हणून सांगायचं, मग तिथली नागरिकता, मग तिथला पासपोर्ट, मग व्हिसा. किती महिने लागतील कोणालाच ठाऊक नव्हतं. हे मिनलला आईकडून कळलं. निघण्याआधी नीला दोन दिवस काळेवाडीला येणार होती, ओटी भरून घ्यायला. तू नंतर ये, असं आई म्हणाली नाही, पण म्हणायचं असावं असं मिनलला वाटलं. म्हणूनच ती त्या दोन दिवसांतल्या रविवारी शर्वीला घेऊन गेली. नीला पुढच्या खोलीत बसली होती, बाबांच्या खुर्चीशेजारी, जमिनीवर. तिचा मुलगा बाबांच्या मांडीवर. शर्वी मिनलच्या हातातून झेपावलीच. नीलाने तिला घेतलं, तिच्या मानेत नाक खुपसलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. बाबा मुलाला घेऊन बाहेर निघून गेले.

मिनल समोर बसली. तिने ठरवून आणलेलं काही तरी म्हणायला सुरुवात केली, की मी खरं तेच सांगितलं, आणि आज ना उद्या—

"खरंच होतं," नीला म्हणाली. "पण तुला कोणी खोटं बोल म्हणून धरलं नव्हतं. आणि खरं बोलायच्या आधी माझ्याकडे वर आलीस का तू? दोन जिने तर होते."

मधल्या पूर्ण दिवसात मिनल वर गेली नव्हती. तिला सुचलंही नव्हतं, आणि सुचलं कसं नाही हेच आता समोर बसून तिच्याकडे पाहत होतं. मिनल म्हणाली, मग आज तरी आलीस, बरं वाटलं. नीलाने शर्वीच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मिनलला धरायला काही मिळालं असतं.

"मी माहेरी आलेय," ती म्हणाली. "तुझ्याकडे नाही आले."

आतून आईने हाक मारली, पोरींनो, ताटं घ्या गं. एकच हाक, दोघींना. मिनल उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन पूर्वी ताटं असायची त्या भिंतीतल्या वरच्या कपाटाचं दार उघडलं. तिथे आता कपडे धुवायच्या पावडरीचे डबे होते. ती तशीच उभी राहिली. नीला शर्वीला कमरेवर घेऊन मागून आली, ओट्याखालच्या कप्प्यातून हात न चाचपडता ताटं काढली आणि त्यातलं एक मिनलच्या हातात दिलं.